गाऊन मागितलेले पाणी

मी एक जुनी नौका आहे, मित्रांनो, आणि माझी कथा सुरू करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. नौकेचे आयुष्य पाण्यात जाते असे तुम्ही मानता. माझ्यापुरते तरी ते खरे नाही. माझे बहुतेक आयुष्य काठावरच्या एका लांबट घरात, ओंडक्यांवर आडवे पडून गेले आहे. केरळातली आमची पंबा नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली की मला पाण्यात उतरवतात. देवळातल्या नवसांच्या पंगती आणि ओणमनंतरची मिरवणूक आटोपली की पुन्हा घरात आणून ठेवतात. उरलेल्या काळात मी काहीच करीत नाही. तरीही आमच्या मेलुकडव गावात आजवर मला कोणी आळशी म्हटलेले नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढे मला तिचा उपयोग करायचा आहे.

माझी जात पळ्ळियोडमची, म्हणजे देवाच्या नौकेची. माझे अंग अंजिलीच्या लाकडाचे आहे. हे झाड फणसाच्या कुळातले, सरळ आणि उंच. केशवन आशारी नावाच्या सुताराने मला घडवले. माझी मागची बाजू त्याने इतकी उंच उचलली की सुकाणू धरणारी माणसे काठावरून झाडावर बसल्यासारखी दिसत. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा माझ्या सांध्यासांध्यांतून पाणी आत येऊ लागले आणि जमलेल्या लोकांचे चेहरे पडले. केशवन आशारी तेवढा खुशाल विडा चघळत होता.

"पिऊ द्या तिला," तो म्हणाला. "फळ्या फुगल्या की आपोआप गप्प बसेल. कोरडी नाव पहिल्या दिवशी गळली नाही, तर ती नाव नाही, पेटी आहे."

तसेच झाले. मी फुगले, गप्प बसले आणि कामाला लागले.

माझे काम समजून घ्यायचे तर एक गोष्ट आधी समजली पाहिजे. मला यंत्र नाही, शीड नाही. मला गाणे चालवते. माझ्या पोटात शंभराच्या आसपास माणसे दोन रांगांत बसतात आणि मधोमध एक गाणारा उभा असतो. तो एक ओळ सोडतो, सगळे तोंड उघडून तीच ओळ परत करतात, आणि ओळीच्या शेवटल्या अक्षरावर सगळी वल्ही एकदम पाण्यात शिरतात. गाणाऱ्याने काय म्हटले याचा विचार करायला वल्हे मारणाऱ्याला फुरसत नसते. ओळ कानात आली की तोंडातून गेली पाहिजे. नाहीतर वल्ही एकमेकांत अडकतात. ही सवय आमच्या माणसांच्या हाडात इतकी मुरलेली आहे की, असे म्हणतात, ती झोपेतही ओळ परत करतात.

भार्गवन माझ्यात प्रथम आला तेव्हा त्याचा आवाज नुकताच फुटत होता. त्याला अगदी पुढे, नाकाजवळ बसवले होते. सुकाणूवर अच्युतन होता. सारे गाव त्याला अम्मावन, म्हणजे मामा, म्हणे. तो मागून ओरडला, "पुढं कोण रेडकू बांधलंय रे? त्याला म्हणावं, वल्हं मार, रेकू नकोस!" सगळे हसले, भार्गवन सर्वांत मोठ्याने हसला, आणि पुढच्या ओळीला दुप्पट जोराने रेकला. थोड्याच वर्षांत तोच आवाज असा भरला की माझ्या मधल्या फळीवर त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला उभे करण्याचा विचारही गावाला सुचेना. एरवी तो शिंपी होता. त्याच्या मशीनवर बसून तो कडवी जुळवी, आणि गावातले अर्धे सदरे कुठल्या ना कुठल्या कडव्याच्या तालावर शिवलेले आहेत.

त्याची खरी मजा पंगतीत असे. ज्या घराचा नवस असेल ते घर आम्हांला नदीकाठच्या देवळात जेवायला बोलावते. केळीच्या पानावर जागा उरणार नाही इतके पदार्थ वाढतात. पण आमच्या पंगतीत जेवणारा हात पुढे करून काही मागत नाही. तो गाऊन मागतो. आणि गाऊन मागितलेले नाकारायचे नाही, हा नियम. आमच्या रूपाने देवच जेवायला बसतो अशी श्रद्धा असल्यामुळे नियम पक्का आहे. यजमान बिचारा महिनाभर डोके खाजवतो की यंदा ही माणसे काय मागतील. भार्गवनने एकदा चंद्राएवढा पापड मागितला. त्या वर्षी यजमानीण होती शाळेतली सरसम्मा टीचर. तिने सुपाएवढा पापड दोन माणसांच्या खांद्यांवरून पंगतीत आणवला आणि दारातून ठणकावले, "भार्गवा, माग, माग! तुझी कडवी संपतील, माझं कोठार नाही संपायचं!"

आता तुम्ही विचाराल, पंगत देवळात आणि नौका घाटावर. मग तुला हे कसे ठाऊक? प्रश्न रास्त आहे. जेवणघर घाटाच्या पायऱ्यांवरच आहे, त्याच्या खिडक्या नदीकडे उघडतात, आणि गाणे पाण्यावरून फार लांब जाते. जे मला दिसले नाही ते मी दिसले म्हणून सांगणार नाही. पण ऐकण्याच्या बाबतीत माझ्याइतका सराव फार थोड्यांना असेल.

भार्गवनची चाळिशी उलटत असताना तो आजारी पडला. त्या वर्षी नदी ओसरल्यावर तो माझ्या घरात येऊ लागला. माझ्या उचललेल्या पाठीखाली बसे आणि जमिनीकडे पाहत राही. दुःखी माणूस मी पाहिला होता. तो रडतो, कुणाला तरी शिव्या देतो, मग भूक लागली म्हणून घरी जातो. भार्गवनला भूकही लागत नसे. एकदा अच्युतन अम्मावन त्याला शोधत आला.

"काय झालं रे? घरात भांडण?"

"नाही, अम्मावा."

"दुकान?"

"दुकान बरं चाललंय. सगळं ठीक आहे. तेच तर कळत नाही मला. सगळं ठीक आहे आणि मला उठवत नाही."

मला मात्र ते थोडेसे कळले. लाकूड फार दिवस पाण्याखाली राहिले की ते कुजतही नाही, तरंगतही नाही. नुसते जड होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते पहिल्यासारखेच दिसते.

त्याची बायको ओमना हिने मात्र वेळ घालवला नाही. तिने त्याला चेंगन्नूरला डॉक्टरीणबाईंकडे नेले. हा मनाचा आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आहे, तो बरा होईल, कदाचित पुन्हाही येईल, आणि गोळ्या बराच काळ, बहुधा कायमच्या, घ्याव्या लागतील, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. गोळ्या लागू पडल्या. हळूहळू त्याच्या मशीनचा आवाज घाटापर्यंत येऊ लागला, आणि मशीनच्या मागोमाग कडवीही.

पण गावाला काय सांगायचे? दर महिन्याला चेंगन्नूरला कशासाठी जाता, असे कोणी विचारले की ओमना सांगे, "दाढेसाठी." एकदा सांगितले, दोनदा सांगितले, पुढे तीच सबब कायमची झाली. शशी नावाचा एक वल्हेकरी होता, जिभेला हाड नसलेला. तो भार्गवनला चेट्टा म्हणे, आमच्याकडे मोठ्या भावाला म्हणतात तसे. तो सर्वांसमोर विचारी, "चेट्टा, देवानं तुम्हाला दाढा दिल्यात तरी किती? आमच्या हिशेबानं तुम्ही आता हिरड्यांवर गाताय!" भार्गवन हसे. त्या हसण्यात काय होते ते ओळखणारी, ओमना सोडली तर, मी एकटीच असेन.

एवढ्यावर निभावले असते. पण आमच्या नौकेला व्रत असते. मी पाण्यात असेन तोवर माझ्यात बसणाऱ्यांनी मांस, मद्य आणि कोणतीही नशा वर्ज्य करायची. नौकेच्या मंडळाचे प्रमुख होते कुट्टप्पन पिळ्ळा, निवृत्त पोस्टमास्तर. गाव त्यांना पिळ्ळासार म्हणे, म्हणजे पिळ्ळा सर. माणूस वाईट नव्हता. नियम दिसला की त्यावर शिक्का मारावा आणि पुढच्या टपालाकडे वळावे, एवढाच त्यांचा स्वभाव. एका वर्षी शेजारच्या गावातला कोणी वल्हेकरी डोक्याच्या गोळ्या घेतो अशी बातमी आली, आणि पिळ्ळासारांनी माझ्या घरात सर्वांसमोर निकाल दिला.

"डोक्यावर चढणारी गोळी ती नशाच. दारू बाटलीतून येते, ही पाकिटातून. आपल्या नौकेत असलं चालायचं नाही. माणूस पाण्यावर असताना डोकं ठिकाणावर पाहिजे."

भार्गवन तिथेच उभा होता. त्याने मान हलवली. आणि त्या वर्षापासून, मी पाण्यात उतरले की तो गोळ्या बंद करू लागला. ओमनालाही सांगितले नाही. तो देवाला फसवत नव्हता, हे तुम्ही समजून घ्या. आपण अशुद्ध आहोत असे त्याला खरोखरच वाटू लागले होते, आणि माझ्यात उभे राहण्याची किंमत म्हणून तो दर वर्षी आपले बरेपण देत होता. हंगाम संपेपर्यंत तो पुन्हा जड होई. मग कित्येक दिवस दुकान बंद. मग पुन्हा दाढ.

एका वर्षी मात्र हंगाम संपण्याची वाट त्या आजाराने पाहिली नाही. आम्ही भर दिवसा सरावाला निघालो होतो. घाटाकडे वळताना भार्गवनने कडव्याची पहिली ओळ सोडली, ती परत आली, आणि दुसरी ओळ आलीच नाही. तो उभा होता, तोंड उघडे होते, आवाज नव्हता. शंभर वल्ही हवेत थबकली, एकमेकांत अडकली, आणि माझे नाक घाटाच्या दगडावर आदळले. कोणाला इजा झाली नाही. माझा एक सांधा मात्र उघडला.

मित्रांनो, त्यानंतर जे घडले त्यावर मी अनेक पावसाळे विचार केला आहे. माझ्यासाठी सारे गाव धावले, मला ओढून घरात घेतले. केशवन आशारीच्या मुलाला बोलावले. त्याने सांध्यात कापूस ठासला, राळ ओतली. पिळ्ळासार दिवसभर त्याच्या डोक्यावर उभे.

"पुन्हा उघडेल का रे हा सांधा?"

"उघडेल कदाचित. लाकूड आहे, सार."

"मग?"

"मग पुन्हा भरू."

पिळ्ळासारांचे समाधान झाले. नौका एकदा फुटली म्हणून तिची लाज वाटत नाही, दर वर्षी डागडुजी लागते म्हणून तिला कोणी कमकुवत म्हणत नाही, आणि सुताराला बोलावले ही गोष्ट कोणी दाढेआड लपवत नाही. त्याच दिवशी, त्याच माणसांनी, भार्गवनविषयी काय म्हटले? दृष्ट लागली. मनाला फार लावून घेतो. अंगाला कष्ट नाहीत म्हणून हे सुचते. एकाच घाटावर दोघेजण फुटलो. एकाला राळ मिळाली, दुसऱ्याला सल्ले. याला न्याय म्हणता येईल का, हे तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी ओमना माझ्या घराच्या दारात आली. बायका माझ्यात चढत नाहीत; ती रीत योग्य की अयोग्य हा वाद मी आज काढत नाही, पण दारात उभे राहून बोलायला कोणाची बंदी नव्हती. भार्गवन आत माझ्या अंगाला माशाचे तेल चोळत होता. या तेलाला असा वास येतो की चोर माझ्या घराकडे फिरकत नाहीत.

"चेट्टा," ती म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्यालाही तशीच हाक मारतात. "गोळ्यांचं पाकीट भरलेलं सापडलं मला. शिवायच्या मशीनच्या खणात."

तो तेल चोळत राहिला.

"हिला दर वर्षी तेल लावता ना? का लावता? गेल्या वर्षीचं पुरत नाही?"

"ही नौका आहे, ओमना."

"आणि तुम्ही कोण? दगड?"

"व्रत आहे. पिळ्ळासारांना कळलं तर मला उतरवतील. दुसरं काहीही झालं तरी चालेल मला. पण त्या फळीवरून उतरवलं तर..."

"न घेता चढलात, तर मुकाट उभे राहिलात. काल पाहिलं ना सगळ्यांनी?" ओमनाचा आवाज जरा मऊ झाला. "आज चेंगन्नूरला जायचं. आणि ऐका, मी आता दाढ काढणार नाही. इतकी वर्षं काढली. उद्या कोणी विचारलं तर म्हणेन, यांनाच विचारा. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. खोटं मात्र मी नाही बोलणार."

तो गेला. डॉक्टरीणबाईंनी खरपूस समाचार घेतला असे ऐकते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सकाळी एक आणि दुपारी जेवणानंतर एक. हंगाम लांबलचक असतो. महिन्याभराने तो पुन्हा माझ्या मधल्या फळीवर आला, थोडा रोड, पण आवाज परतीच्या वाटेला लागलेला.

तेवढ्यात सरसम्मा टीचरच्या पंगतीचा दिवस आला. टीचरच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडले होते आणि त्याचा नवस ती फेडत होती. कोणत्या डोळ्यात मोतीबिंदू होता, किती पिकला होता, हे तिने बसस्टॉपवर, बाजारात, देवळात सगळ्यांना सांगितले होते. डोळ्यांचे सांगता येते. हाही एक मुद्दा आहे.

वाटेत पिळ्ळासार भार्गवनच्या शेजारी उभे होते आणि खुशीत होते. "ऐकलंस का? शेजारच्या गावानं त्या गोळीवाल्या माणसाला शेवटी उतरवलं म्हणे. बरं केलं. आपल्याकडे असलं काही नाही, हे देवाचं देणं."

मला भार्गवनच्या पायांचा भार फळीवर कळतो. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर आला, आणि मग दोन्ही पायांवर नीट उभा राहिला.

पंगत बसली. खिडक्या उघड्या होत्या. भार्गवनने चिंचेची आमटी मागितली, आली. आल्याचे लोणचे मागितले, आले. "डोळे नवे झालेल्या बाईंनी स्वतः निवडलेला, खडा नसलेला भात" मागितला, आणि टीचर हसत हसत स्वतः वाढायला आली. प्रत्येक ओळ शंभर गळ्यांतून परत येत होती. जेवण संपत आले. मग त्याचा आवाज थोडा खाली उतरला.

"सांबार नको, पापड नको, नको मला ते गोड आता,
कोमट पाणी पेलाभर द्या, सरसम्मा टीचर माता."

ओळी परत आल्या. कोणाला काही वावगे वाटले नाही. पाणी कोणीही मागतो. त्याने श्वास घेतला.

"कनवटीला गोळी आहे, लपविली मी वर्षे फार,
दाढ नव्हती दुखत माझी, मनास होता आजार."

आणि सवय ती सवय! विचार करायला कोणाला फुरसत नव्हती. शंभर माणसांनी, तोंडात भात असताना, खणखणीत सुरात परत केले: लपविली मी वर्षे फार! दाढ नव्हती दुखत माझी, मनास होता आजार! पिळ्ळासारांचा घोगरा आवाजही त्यात होता. तो मी हजारांत ओळखीन. ओळ पाण्यावरून पलीकडच्या थडीला गेली आणि तिथून परत आली. मग आपण काय गायलो ते एकेकाच्या ध्यानात आले असावे, कारण भांड्यांचा आवाज थांबला. भार्गवन मात्र थांबला नाही.

"व्रत मोडते म्हणाल तर मी नौकेतून उतरेन,
नाही तर मग पाणी द्या अन् गोळी गिळून गाईन."

या वेळी ओळ परत आली नाही. माझ्या आयुष्यातली ती एकच परत न आलेली ओळ.

"भार्गवा," पिळ्ळासार म्हणाले. "हे तू... मागण्यात गायलास."

"हो, सार."

"म्हणजे हे मागणं झालं."

"झालं, सार."

"आणि व्रताचा नियम..."

"सार," शशीचा आवाज आला, "सकाळी नौकेत चढताना तुम्ही रक्तदाबाची गोळी घेतलीत. मी पाहिली. ती काय प्रसादाची होती?"

"तू भात खा!"

"खातोय, सार. पण सांगा तरी."

पंगतीत कोणीतरी हसू दाबले. तेवढ्यात टीचरची काठी फरशीवर वाजली. "पिळ्ळासार, माझ्या पंगतीत गाऊन मागितलेलं आजवर नाकारलं गेलेलं नाही. चंद्राएवढा पापड मागितला, तो दिला. हा तर पाणी मागतोय. नाकारायचं असेल तर तुम्ही उठा आणि नाकारा. मी नाही नाकारणार."

मी घाटावर बांधलेली होते, मित्रांनो, आणि माझा दोर ताणला गेला होता. प्रवाहामुळे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. एका बाजूला व्रताचा नियम, दुसऱ्या बाजूला मागण्याचा नियम, आणि मध्ये नियमांवर आयुष्यभर शिक्के मारलेला माणूस. त्या फळीवर भार्गवन पुन्हा उभा राहणार की नाही, हे त्या एका शिक्क्यावर होते.

"कोण नाकारतंय?" पिळ्ळासार शेवटी चिडून म्हणाले. "मी कुठं नाकारतोय? पाणी खरंच कोमट आहे का ते बघा आधी. गार पाण्यानं गोळी घशात चिकटते. मला अनुभव आहे."

हशा इतका मोठा उठला की देवळाच्या झाडांवरची कबुतरे माझ्यावरून उडाली. बायकांच्या पंगतीतून ओमनाचा आवाज सर्वांच्या वर आला, "सुटले ग बाई दाढांतून!" आणि त्या हशातच, दुसऱ्या रांगेच्या टोकाकडून, एक बेसूर आवाज उठला. तो आवाज मी तोवर एकटा कधीच ऐकला नव्हता; तो नेहमी इतरांच्या आड असे.

"मलाही पेला... टीचर... मलाही..."

त्याला यमक जुळवता आले नाही. शंभर जणांनी ते त्याच बेसूरपणे परत केले, आणि पेला गेला. तो कोण होता हे मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. आपला आजार सांगण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे.

आणि मग भार्गवन गायला. परतीच्या वाटेवर त्याने अशी ओळ सोडली की मी पाण्यावर टेकले होते की नव्हते याची मला शंका आहे. अच्युतन अम्मावन सुकाणूवरून ओरडला, "अरे, हळू! गोळी याने घेतली आणि झिंगलात तुम्ही!"

आता तुम्हांला वाटेल, त्या दिवशी तो बरा झाला. असे म्हणणे खोटे ठरेल, आणि खोट्या शेवटांविषयी मला मुळीच आदर नाही. आजार गेला नाही. तो मधूनमधून येतो. एका वर्षी ऐन हंगामात आला आणि भार्गवन घरातून बाहेर पडू शकला नाही. पण आता गावाला ठाऊक होते. अम्मावन जाऊन त्याची दाढी करून येई. पिळ्ळासार वर्तमानपत्र घेऊन जात, शेजारी बसून मुकाट वाचत आणि घरी येत. सल्ला देत नसत, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेले असेल! शशी खिडकीखाली उभा राहून मुद्दाम चुकीची कडवी म्हणे. एका दुपारी आतून क्षीण आवाज आला, "गाढवा, तिसरी ओळ तशी नाही." शशी नाचत घाटावर आला आणि प्रत्येकाला सांगत सुटला, "चेट्टानं मला गाढव म्हटलं! गाढव म्हटलं!" त्या वर्षी माझ्या मधल्या फळीवर दुसरा गायला, पण किंचित बाजूला उभा राहून. मधली जागा रिकामी ठेवली होती. पुढच्या वर्षी ती भरली.

आणखी एक गोष्ट झाली. माझ्या घराच्या भिंतीवर पिळ्ळासारांनी स्वतः खिळे ठोकून एक फळी बसवली. हंगामात वल्हेकरी आपापल्या डब्या तिच्यावर ठेवतात: साखरेची, रक्तदाबाची, मनाची, गुडघ्याची. कोणती कोणाची हे कोणी विचारत नाही आणि कोणी लपवतही नाही. शेजारच्या गावानेही त्या उतरवलेल्या माणसाला पुन्हा चढवले असे मी ऐकले. पण ते ऐकीव आहे.

आता मी म्हातारी झाले आहे आणि भार्गवनही. त्याचा आवाज थोडा कापतो. माझे सांधे दर वर्षी भरावे लागतात. आम्हा दोघांना त्याचे काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी असा आडवा पडलेला असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी मला आठवा. त्याला सुताराकडे न्या, आणि तेल रोज लागत असेल तर रोज लावू द्या. तो आडवा तूच असशील, तर लाज बाळगू नकोस, पाणी माग. आधी कुणा एकाजवळ माग, गाता येत नसेल तर बेसूर माग. देणारे असतात. मी ऐकले आहे.

नदी पुन्हा भरली आहे. सकाळी मला ओंडक्यांवरून खाली घसरवले. अंगाला नवे तेल आहे आणि त्याचा वास नेहमीप्रमाणे असह्य आहे. माणसे चढली, वल्ही हातात आली. मला पाण्यात सोडताना आमच्याकडे आता एक नवी रीत पडली आहे. पिळ्ळासार, कमरेत वाकलेले, घाटावर काठी टेकून उभे राहतात आणि ओरडतात,

"तेल?"

"लावलं!" शंभर जण म्हणतात.

"गोळी?"

"घेतली!" शंभर जण म्हणतात, ज्यांना कसलीही गोळी नाही तेसुद्धा, सवयीने.

"मग सोडा!"

आणि भार्गवन पहिली ओळ सोडतो.